संवेदनशील कोणास म्हणावे?



आम्ही एटापल्लीहून आलो आहोत असे सांगितले की, ऐकणाऱ्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'संवेदनशील भाग' हा. दुसरा प्रश्नही ठरलेला : "मग बदली कधी?" आज या एका शब्दाचीच थोडी विचारपूस करावी, असा आमचा मानस आहे.

शब्दाचे कूळ मोठे आहे. 'विद्' म्हणजे जाणणे. वेद, विद्या, वेदना ही सारी त्याच धातूची लेकरे. मागे 'सम्' लागला की ते जाणणे पुरते होते. इंग्रजीतील 'सेन्सिटिव्ह' हा शब्द 'वाटणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघाला. आपल्या शब्दाच्या मुळाशी मात्र जाणणे आहे. आणि शील म्हणजे अंगी मुरलेला स्वभाव. तेव्हा संवेदनशील म्हणजे नुसता हळवा नव्हे. दुसऱ्याचे दुःख जाणून घेणे हा ज्याचा स्वभावच झाला, तो संवेदनशील होय.

हा माणसाचा गुण आता आपण जागांना लावतो. 2011 साली माधव गाडगीळ यांच्या समितीने पश्चिम घाटाला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हटले. तेथे अर्थ असा की, या डोंगरांना इजा होईल, जपा. एटापल्लीला तोच शब्द लावला की अर्थ उलटतो : येथे तुम्हांला इजा होईल, जपून राहा! याच तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. त्याच्या पोटात लोखंड आहे आणि माथ्यावर ठाकुरदेव. त्या डोंगराविषयी बोलताना हा शब्द पहिल्या अर्थाने क्वचितच कानी येतो.

सावधगिरी पोकळ होती, असे आम्ही म्हणणार नाही. 1 मे 2019 रोजी याच जिल्ह्यात जांभूळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात 15 पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक प्राणास मुकले. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत येथे मतदान दुपारी 3 वाजता थांबले. राज्यात बहुतेक ठिकाणी ते सायंकाळी 6 पर्यंत चालले. उजेड असता मतदानयंत्रे आणि माणसे सुखरूप परतावीत, हा हेतू योग्यच. पण रानवाट तुडवीत मताला येणाऱ्या माडिया बाईचे तीन तास गेले, हेही कोणी जाणावयास नको काय?

जाणणे कसे असते, याचे उदाहरण दूर नाही. शेजारच्या भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे 1973 साली बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहिले आणि माडिया भाषा शिकले. रोगी 'कोठे दुखते' हे ज्या भाषेत सांगतो, ती भाषा कळल्यावाचून त्याची वेदना कळावयाची कशी? आमच्या मते संवेदनशीलतेची व्याख्या एवढीच आहे.

म्हणून विनंती एकच. यापुढे एखाद्या भागास संवेदनशील म्हणावयाचे झाले, तर क्षणभर थांबून आपण स्वतःस विचारावे : तेथील माणसांविषयी मी काय जाणतो? तेथे धोका असेल तर धोका म्हणावे. तो शब्द स्वच्छ आहे. संवेदनशील हे विशेषण मात्र गावाच्या कपाळी न मारता, तेथे जाणाऱ्या शिक्षकाने, डॉक्टराने, अधिकाऱ्याने, आणि येथे बसलेल्या आपणही, आपल्यासाठी मिळवावे.