जागच्या जागीं टोमॅटो



मोरीच्या पाण्याच्या कांठीं आपोआप उगवलेलें टोमॅटोचें झाड आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्याचें बीं कोणीं पेरलें नाहीं, रोप कोणीं हलविलें नाहीं; तरी पौषांत त्यावर फळें लोंबूं लागतात. उलट, विकत आणून लावलेलीं रोपें कित्येक दिवस माना टाकून बसतात. असें कां व्हावें?

टोमॅटोच्या बियांतून प्रथम एक सोटमूळ निघून सरळ खालीं जातें. रोप उपटतांना तें बहुधा तुटतें. पुढें बाजूचीं मुळें वाढून रोप सांवरतें खरें; परंतु तोंपर्यंत वाढ खुंटते. जागच्या जागीं वाढलेल्या रोपाला हा आघात सोसावा लागत नाहीं. त्याचें मूळ खोल ओलाव्याकडे जातें, आणि एखादे दिवशीं पाणी घालावयाचें राहिलें तरी तें तग धरतें.

याकरितां पावसाचा जोर ओसरतांच, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरांत, वाफा तयार करावा. याहून फार उशीर केल्यास फुलें कडक उन्हाळ्यांत सांपडून गळतात. मागील हंगामांत जेथें वांगीं, मिरच्या किंवा बटाटे होते ती जागा टाळावी. हीं सारीं टोमॅटोच्याच कुळांतलीं असून त्यांचे कांहीं रोग जमिनींत टिकून राहतात. चांगलें कुजलेलें शेणखत मिसळून दोन-दोन फुटांवर खुणा कराव्या, व प्रत्येक ठिकाणीं ४-५ बिया अर्धा इंच खोल टाकून झारीनें हलकें पाणी द्यावें. ६ ते १० दिवसांत अंकुर दिसूं लागतात. ओल असावी, पण चिखल नसावा. नाहीं तर कोंवळीं रोपें बुडाशीं कुजून कोलमडतात.

बीं घरच्या फळाचें घ्यावयाचें असल्यास गर दोन-तीन दिवस आंबूं द्यावा, मग बिया धुवून सावलींत वाळवाव्या. बियांभोंवतालचा बुळबुळीत थर उगवण रोखून धरतो, तो अशानें निघून जातो. संकरित जातीच्या फळाचें बीं मात्र मूळ झाडाच्या गुणांवर जाईलच असें नाहीं.

येथवर सारें सोपें आहे. खरी कसोटी दोन-तीन आठवड्यांनीं येते. प्रत्येक ठिकाणीं एकच सशक्त रोप राखून बाकीचीं काढावीं लागतात, आणि येथें हात कचरतो. मीं स्वतः पहिल्या वर्षीं दयेपोटीं सगळीं ठेवलीं. तीं एकमेकांच्या सावलींत लांबट व फिकट होत गेलीं, आणि पांचांपैकीं एकालाहि धड फळ आलें नाहीं. तेव्हां विरळणी टाळूं नये. मात्र नकोशीं रोपें उपटूं नयेत. हिसक्यानें शेजारच्या रोपाचीं मुळें दुखावतात, आणि मग जागींच पेरल्याचा लाभ उरत नाहीं. कात्रीनें तीं जमिनीलगत कापावीं.

चार रोपें कापतांना वाईट वाटेल. परंतु उरलेलें एक त्या पांचांची भरपाई करील.