सुई आणि संघटना



२६ जानेवारी २००१ रोजी कच्छात भूकंप झाला. घरे पडली, संसार मोडले. स्त्रियांच्या हातातले भरतकाम मात्र शाबूत राहिले. त्याच कच्छात १९६९ च्या दुष्काळात चंदाबेन श्रॉफ यांनी धाणेटीच्या स्त्रियांना भिक्षा नव्हे, भरतकामासाठी साड्या दिल्या होत्या. काम द्यावे, हे खरेच. पण आम्ही युनियनवाले विचारतो, मजुरीचा दर कोण ठरवणार? भुकेली बाई एकटी असली की व्यापारी देईल ते पत्करते. १९७२ साली इला भट्ट यांच्या ‘सेवा’ची नोंदणी ‘या बायांना मालकच नाही’ या सबबीवर अडली होती. अखेर ती झाली. तेव्हा आपद्ग्रस्तांना सुईदोरा द्या, पण त्याबरोबर संघटनाही द्या. नाहीतर मदतीच्या नावाखाली आपण स्वस्त मजूरच निर्माण करू.