पहांटेचे दोन गायक

आसामांतील जोरहाट जिल्ह्यांत सकाळ उजाडूं लागली म्हणजे दोन निरनिराळे स्वर कानीं पडतात. एक कुंपणावरून किंवा घराच्या छपरावरून येतो. तो दयाळ पक्ष्याचा. दुसरा रानांतील होलोंग वृक्षांच्या उंच शेंड्यांवरून येतो व फार दूरवर ऐकूं जातो; तो हुलॉक गिबनाचा. तिकडे त्यास ‘होलौ बांदर’ म्हणतात. परंतु तो वानर नव्हे, बिनशेपटीचा कपि होय. भारताच्या रानांत आढळणारा कपि हाच काय तो.

दोघांत साम्य पुष्कळ आहे. दोघांचेहि नर काळे. मात्र दयाळाचें पोट पांढरें, तर गिबनाच्या भुंवया पांढऱ्या. दयाळाची मादी करडी, गिबनाची पिंगट. दोघांचेंहि गाणें म्हणजे बव्हंशीं आपल्या हद्दीची द्वाही. दयाळाचा नर विशेषेंकरून विणीच्या दिवसांत गातो. गिबनाचें जोडपें मिळून गातें.

असें असतां एक सर्वत्र दिसतो आणि दुसऱ्याचा वंश धोक्यांत आहे, हें कां? याचें कारण राहणींत आहे. दयाळ जमिनीवर उतरून किडे वेंचतो, भिंतीच्या भोंकांतहि घरटें करतो व एका वेळीं ४-५ अंडीं घालतो. रान तुटलें तरी त्याला बाग पुरते. गिबन हातांनीं झोके घेत फांदीवरून फांदीवर जातो. जमिनीवर तो क्वचितच उतरतो. मादीला २-३ वर्षांनीं एकच पिलूं होतें, आणि तें वयांत येण्यास ७-८ वर्षें लागतात.

याच जिल्ह्यांतील होलोंगापार अरण्य १९९७ सालीं अभयारण्य झालें. त्याचें क्षेत्र सुमारें २१ चौरस किलोमीटर. भोंवतीं चहाचे मळे व गांवें, आणि रानाच्या मधून आगगाडीचा मार्ग. तेवढें अंतर दयाळ एका भरारींत ओलांडतो. गिबनाला मात्र शेंडे जुळलेले नसल्यास तेंच अंतर नदीसारखें आडवें येतें. वयांत आलेलें पिलूं आईबापांस सोडून जोडीदार शोधूं लागतें. त्याची वाटच तेथें खुंटते. एकदां रान दुभंगलें कीं, पुढें एकहि झाड न तोडतां वंश क्षीण होऊं शकतो.

म्हणून अशा ठिकाणीं नुसतें रान राखून भागत नाहीं. तुटलेले शेंडे पुन्हां जुळवावे लागतात. अंगणांत दयाळ गातो आहे, एवढ्यावरून रान सुखरूप आहे असें कोणीं समजूं नये.