पवईची विद्या आणि रापणीचा वाटा



कारखानदारी शिकविण्यावर बोलावयास एका युनियनवाल्याला उभे केले, याचे काहींना नवल वाटले असेल. पण कारखाना कोणी काढला व कसा काढला यावर आमची भाकरी ठरते. तेव्हा मालक कसा घडवितात हे आम्हांला ठाऊक असलेले बरे.

परदेशी विद्यापीठांचे सहकार्य म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे यंत्रे येतात. मुंबईची आय. आय. टी. 1958 च्या जुलैत वरळीला 'सस्मिरा'च्या इमारतीत शंभर विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली; 1959 च्या मार्चमध्ये नेहरूंनी पवईला कोनशिला बसविली. युनेस्कोमार्फत सोव्हिएत रशियाची यंत्रे आली, 59 तज्ज्ञ व 14 तंत्रज्ञ आले. त्याच मदतीत आपल्या अध्यापकांना रशियात शिकण्यासाठी 27 शिष्यवृत्त्या होत्या. माझ्या मते खरी मिळकत ती. यंत्र झिजते, शिकून आलेला मास्तर वीस तुकड्या तयार करतो.

पुढे 2004 साली तेथेच 'साइन' ही संस्था निघाली. विद्यार्थ्याच्या डोक्यातील कल्पनेची कंपनी होईपर्यंत तिला जागा, सल्ला व आधार द्यावयाचा, हे तिचे काम. ड्रोन बनविणारी 'आयडियाफोर्ज' त्याच अंगणात वाढली. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश विद्यापीठाबरोबर संयुक्त संशोधन अकादमी झाली. तेथील विद्यार्थ्याला दोन्हीकडचे मार्गदर्शक असतात. म्हणजे घेणाऱ्याचे नाते सुटून बरोबरीचे आले. ही मोठी मजल आहे, आणि मजूर असलो तरी मला तिचा अभिमान वाटतो.

पण भांडवल, पेटंट, बाजारपेठ शिकविताना वाट्याचा धडा कोण देतो? तो आपल्या मालवणच्या वाळूत आहे. रापण ओढताना दोन्ही दोरांना माणसे लागतात, आणि मासळी किनाऱ्याला आली की जाळ्याचा वाटा निराळा, ओढणाऱ्याचा निराळा. धंद्याचे सारे शास्त्र त्यात आले! मग ट्रॉलर आले, पर्ससीन आली. यंत्रे हुशारच होती. रापणकराच्या पोटाचे काय, हे मात्र कोणी आधी मांडले नाही. भांडणे झाली, सोमवंशी समिती बसली, आणि 2016 च्या फेब्रुवारीत सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले. हिशेब झाला, पण मागाहून.

म्हणून माझे मागणे असे, की अशा अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याने, मग तो पवईचा असो वा मेलबर्नचा, एक हंगाम येथे काढावा, आणि यंत्राची किंमत मांडण्यापूर्वी कोणाचे काम जाणार व त्याला कोणता वाटा मिळणार हे लिहून द्यावे. दुसरे, परदेशी जाणाऱ्या अध्यापकांत आपल्या मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातील एखादा असावा. सत्तावीसांतली एक जागा मागतो आहे, फार नाही. त्याचा अर्ज लिहिण्याचे काम येथे बसलेल्या वकीलमंडळींनी घ्यावे. माझे अक्षर वाईट आहे.