पारा उडालेला आरसा

पारा उडाला की आपण आरसा भंगारात देतो. सासूबाईंचा बेल्जियम काचेचा आरसा मी मात्र बैठकीत, खिडकीलगतच्या भिंतीवर टांगला. अंधारा कोपरा उजळला. तोंड पाहायला नवा आरसा आहेच! आपण ‘पारा’ म्हणतो खरे, पण १८३५ साली लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा थर देण्याची रीत काढली. त्याआधीच्या आरशांमागे कथिल आणि खराच पारा असे. तसला थर घरी खरवडू नका, पारा विषारी. पुसताना काचेवर पाणी शिंपडू नका. ते कडेने आत शिरते आणि डाग पसरतात. कोरडे मऊ फडके पुरे. दुकानदार ‘नवा करून देतो’ म्हणाला, तर जुनी काच परत मिळणार का, हे आधी विचारा.