आधी जमीन, मग घर



गृहनिर्माण संस्था काढणे कठीण नाही. प्रवर्तक जमवावेत, भागभांडवल गोळा करावे, निबंधकाकडे नोंदणी करावी. पण जमीन कोठे आहे, असे कोणी विचारले की सभा गप्प होते. ज्या संस्थेला नफा काढावयाचा नाही, तिने लिलावात बिल्डरच्या बोलीवर बोली कशी चढवावी? चढलेली किंमत तो घरे विकून वसूल करतो. आपली संस्था ती आपल्याच सभासदांकडून वसूल करणार. म्हणजे ज्याच्यासाठी घर बांधावयाचे तोच बाहेर!

परळच्या ज्या चाळीत बाबासाहेबांनी विद्यार्थिदशेपासून अनेक वर्षे काढली, ती इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची होती. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 साली, कायद्याने हा ट्रस्ट स्थापन झाला व त्यास जमीन संपादन करण्याचा अधिकार मिळाला. त्याने गरिबांची घरे पाडलीही पुष्कळ, हे विसरू नये. तरी जमीन सार्वजनिक हाती आली म्हणून त्या चाळी उभ्या राहिल्या.

त्याच परळच्या आसपास गिरण्या होत्या. मुंबईत गिरण्यांची जमीन सुमारे 600 एकर. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 प्रमाणे त्या जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश वाटा महापालिकेस, एक तृतीयांश म्हाडास घरांसाठी आणि उरलेला मालकास मिळावयाचा होता. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, बांधकामाखालची जमीन वगळून! मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल उचलून धरला. एका शब्दाच्या फेरफाराने किती घरांची जमीन गेली, याचा विचार आपणच करावा.

याहून निराळे घडू शकत नाही काय? ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना पाहा. तेथे 1984 पासून नगरीचा एक निधी जमिनी खरेदी करून ठेवतो. मोठ्या प्रकल्पांत जमिनीची किंमत आधीच ठरलेली असते. संस्थांनी स्पर्धा करावयाची ती घराचा दर्जा व भाडे यांवर. 2018 च्या सुधारणेने नवीन निवासी क्षेत्रांत साधारणतः दोन तृतीयांश भाग अनुदानित घरांसाठी राखता येतो, आणि त्या भागातील जमिनीच्या किमतीवर मर्यादा आहे. बोलीच बंद केली, की गरिबाची संस्था हरत नाही.

आपल्याकडेही युद्धोत्तर पुनर्रचना योजना क्रमांक 219 खाली मागासवर्गीयांच्या सहकारी संस्थांना शासनाने जमिनी दिल्या. शासनाने दिलेल्या अशा जमिनी सामान्यतः भोगवटादार वर्ग 2 च्या असतात. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून त्या हस्तांतरित होत नाहीत. लोकांना ही बेडी वाटते, व परवानगीसाठी खेटे घालणाऱ्याचा त्रास मी नाकारीत नाही. परंतु मला ते कुंपण वाटते. 2019 च्या नियमांनी अधिमूल्य भरून वर्ग 1 करून घेण्याची वाट मोकळी केली. विकासक ती रक्कम भरण्यास तयार होईल. तो धर्म म्हणून भरील काय?

तेव्हा आपल्या संस्थेचे मालमत्ता पत्रक काढून वाचा. रूपांतराचा ठराव सभेपुढे आला, तर सही करण्यापूर्वी चिटणीसांना विचारा की, यानंतर या जमिनीवर आपल्या वस्तीतील नवा बेघर कोणत्या मार्गाने येणार? उत्तर लेखी मागा. आणि नवीन संस्था काढणाऱ्यांनी शासनाकडे मालकी नव्हे, ठराविक दराचा दीर्घ भाडेपट्टा मागावा. लिलावाच्या मंडपात जाऊच नये.