तीन पायऱ्यांचा हिशेब
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



बँकेत जन्म गेला, त्यामुळे हिशेबाची सवय सुटत नाही. पण आज पैशांचा नाही, तीन पायऱ्यांचा हिशेब मांडतो.

इंदापूर तालुक्यातल्या एका शाखेत मी होतो. नोव्हेंबर महिना, पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याची गर्दी. एक निवृत्त गुरुजी मुलाच्या पाठुंगळी बसून आले. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली. शाखेला तीन पायऱ्या. आपण जिवंत आहोत हे सांगायला त्यांना असं यावं लागलं आणि मी काउंटरमागून उठलोसुद्धा नाही. त्याची लाज वाटली, म्हणून पुढच्या वर्षी फॉर्म घेऊन मीच त्यांच्या घरी गेलो.

बघतो तर गुरुजी अंगणात उभे! व्यायामासाठी बारामतीला, पन्नासेक किलोमीटर, रोज कोण नेणार? मग एक फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा घरीच येऊ लागले. त्यांनी कामाला लावलं ते घरच्यांना. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. आखडलेला हात रोज हलवायचा. बाजेखाली विटा लावून उंची वाढवली, उठायला सोपं जावं म्हणून. अंगणात दोन बांबू आडवे बांधले, ते धरून चालायचं. मोरीत धरायला एक दांडा. खर्च म्हणाल तर किरकोळ. दवाखान्यात जीव वाचतो हो, पण माणूस पुन्हा उभा राहतो तो स्वतःच्या घरात, मोरीच्या आणि उंबऱ्याच्या वाटेवर.

पुढे कायदाही बदलला. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने सत्तरीपुढच्या आणि दिव्यांग खातेदारांना घरपोच सेवा द्यायला बँकांना सांगितलं. बँक घरी जाऊ लागली. आपली सोसायटी?

दुसऱ्या मजल्यावरचे आपले एक संस्थापक सभासद आज या मंडपात नाहीत. झटका आल्यापासून चौदा महिने ते खाली उतरलेले नाहीत. वहिनींनी त्यांना घरातल्या घरात चालतं केलंय. लिफ्टने तळमजल्यापर्यंत ते येतीलही. पुढे तीन पायऱ्या आहेत.

पायऱ्यांची उंची मी मोजली, दीड फूट. एक फूट चढायला बारा फूट लांबी, या नियमाने अठरा फुटांचा उतार लागेल. दोन्ही बाजूंनी कठडा. त्यात पार्किंगची एक जागा जाईल, म्हणून गेल्या सभेत विषय मागे पडला. विरोधात हात वर करणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करतो.

ती जागा माझी आहे. मी ती आज सोडतो. पुढच्या सभेत ठराव मांडेन, अनुमोदन तुम्ही द्या. आपल्यातले निम्मे सत्तरीला टेकलेत. उद्या तो उतार कुणाला लागेल, कुणी सांगावं?